मसाई माराची महागडी सफारी: पैसे भरण्याआधी काय विचारावं

ऑगस्टमध्ये आई-बाबांना घेऊन केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात जाऊन आलो. दोघंही सत्तरीच्या पुढचे. बाबांना रक्तदाब आहे, आईचे गुडघे कुरकुरतात. म्हणून खर्च थोडा जास्त झाला तरी चालेल, पण चांगल्या कॅम्पमध्येच राहायचं असं घरात ठरलं. माहितीपत्रकं चाळली तेव्हा मात्र एक गोष्ट खटकली. तंबूतला बाथटब, नदीकडे उघडणारा व्हरांडा, जेवणाचे किती पदार्थ, हे सगळं फोटोंसकट होतं. रात्री दोन वाजता बाबांच्या छातीत दुखलं तर काय, याबद्दल कुठेही एक ओळ नव्हती. लाखांनी पैसे मोजतोय म्हणजे सुरक्षितता त्यात आलीच, असं धरून चालू नका. ती विचारून, लेखी घ्यावी लागते.

आम्ही पहिला प्रश्न विचारला तो नदीचा. पत्रकात ‘नदीकाठचा तंबू’ सगळ्यात महाग असतो. 30 एप्रिल 2024 च्या रात्री मारातल्या तालेक नदीला पूर आला आणि काठावरचे अनेक कॅम्प पाण्याखाली गेले, पर्यटकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. मार्च ते मे हा तिथला मोठा पाऊस. त्या दिवसांत जाणार असाल तर कॅम्प उंचावर आहे का, मागच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, हे सरळ विचारा. जो कॅम्प नीट उत्तर देईल त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

दुसरा प्रश्न नैरोबीहून माराला कसं जायचं याचा. सिंहाची भीती सगळ्यांना वाटते, पण खरा धोका रस्त्यावर असतो. नारोकमार्गे पाच-सहा तास लागतात, मध्ये रिफ्ट व्हॅली या मोठ्या दरीचा उतार आणि त्यावर अवजड ट्रकांची रांग. जून 2025 मध्ये केनियातच न्यांदारुआ भागात भारतीय पर्यटकांची बस रस्ता सोडून उलटली आणि त्यात माणसं गेली. गाडीनेच जायचं तर सकाळी निघा, अंधार पडण्याआधी पोचा आणि प्रत्येक सीटला चालणारा पट्टा आहे का, ते निघण्यापूर्वी स्वतः ओढून बघा. आम्ही नैरोबीतल्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने गेलो. पाऊण तासाच्या आसपासचा प्रवास, पण वाटेत दुसऱ्या धावपट्ट्यांवर उतरत गेलं तर जास्त वेळ लागतो. सामान हँडबॅगसकट माणशी 15 किलो आणि तेही मऊ पिशवीत. विमानालाही धोका नाही असं मी म्हणणार नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये समुद्रकिनाऱ्यावरच्या डियानीहून माराकडे निघालेलं असंच विमान क्वाले भागात कोसळलं आणि आतले सगळे अकराजण दगावले. तरीही वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी विमानच निवडेन, फक्त हवा खराब म्हणून वैमानिक थांबला तर त्याला घाई करायची नाही. म्हणूनच परतीच्या मोठ्या विमानाआधी एक रात्र नैरोबीत मोकळी ठेवा.

नैरोबी शहरात फिरायचं असेल तर 25 जून आणि 7 जुलै या तारखा टाळा. 2025 मध्ये या दोन्ही दिवशी मोठी आंदोलनं झाली, रस्ते बंद झाले, गोळीबारही झाला.

आता मूळ काळजी, आजारपणाची. अ‍ॅम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही विल्सनहून चालणारी हवाई रुग्णसेवा 1957 पासूनची आहे आणि बरेच कॅम्प तिची वर्गणी राहण्याच्या दरातच धरतात. पण तुमचं नाव आणि तारखा त्यात खरंच नोंदल्या आहेत का, याचा कागद मागा. ही सेवा तुम्हाला रुग्णालयात पोचवते, तिथलं बिल तुमच्या प्रवास विम्यातून जातं. विमा काढताना रक्तदाब, साखर, जुनी शस्त्रक्रिया लपवू नका, नाहीतर नेमक्या वेळी दावा नाकारला जातो. अजून एक: रानातल्या बहुतेक धावपट्ट्यांवर दिवे नसतात, त्यामुळे रात्री विमान सहसा येत नाही. म्हणजे सकाळ होईपर्यंत कॅम्पमध्ये कोण सांभाळणार, ऑक्सिजन आहे का, नर्स आहे का, हे विचारायलाच हवं. आमच्या कॅम्पने सगळी उत्तरं ईमेलवर दिली आणि आईसाठी पायऱ्या नसलेला, जेवणघराजवळचा तंबू राखून ठेवला.

बऱ्याच कॅम्पना कुंपण नसतं, तसं आमच्याही नव्हतं. अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर पडायचं नाही, रखवालदाराला बोलवायचं, हा नियम. त्यांना तिथे अस्कारी म्हणतात. एका रात्री जेवून परतताना आमच्या अस्कारीने हात आडवा धरून सगळ्यांना थांबवलं. दिसत काहीच नव्हतं, फक्त गवत उपटल्याचा करकर आवाज येत होता. त्याने टॉर्च जमिनीलगत फिरवली, तर वाटेच्या डाव्या अंगाला पाणघोडा चरत होता. नदी उजव्या हाताला. पाणघोडा आणि पाणी यांच्या मधे माणूस आला की तो बिथरतो, म्हणून त्याने आम्हाला उलट पावली जेवणघरात नेलं आणि बऱ्याच वेळाने मागच्या बाजूने तंबूत सोडलं. आई दमली होती, तरी एक शब्द बोलली नाही. तंबूत शौचालय आतच हवं आणि हाताशी शिट्टी किंवा वॉकीटॉकी हवा, हे बुकिंग करतानाच बघा.

गाइडवर मात्र दोन पैसे जास्त टाका. केनिया प्रोफेशनल सफारी गाइड्स असोसिएशन परीक्षा घेऊन ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड असे दर्जे देते. आपला गाइड कुठल्या दर्जाचा ते आधीच कळतं. आमचा सिल्व्हर होता. मारा नदीवर विल्डबीस्ट या गवत खाणाऱ्या मोठ्या प्राण्यांचे कळप उतरायची वाट बघत गाड्यांची दाटी झाली होती, काहीजण चक्क खाली उतरून कडेपर्यंत गेले. आमच्या गाइडने गाडी मागेच ठेवली. कळप बिचकून वळला तर थेट माणसांवर येतो, असं त्याने सांगितलं. बाबा कॅमेरा घेऊन छतातून कमरेपर्यंत बाहेर आले, तर त्यांना हसतमुखाने पण ठामपणे आत बसवलं. अशा माणसाला चांगली टिप द्या आणि ‘अजून जरा जवळ घ्या ना’ असा आग्रह कधीही धरू नका.

गरम हवेच्या फुग्यातली सफर आम्ही सोडली. उतरताना टोपली घसरते, आडवीही होते. पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर जाऊ नये.

निघण्यापूर्वीची कागदपत्रं: जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी ईटीए हा ऑनलाइन प्रवास परवाना काढावा लागतो. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच आणि प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यायची. साठीपुढच्यांना या लसीचा गंभीर त्रास होण्याची शक्यता थोडी जास्त असते, म्हणून आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. लस घेतल्याचं पिवळं कार्ड मिळतं, ते पासपोर्टसोबतच ठेवा. परतताना ते नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात 2017 पासून बंदी आहे, औषधं कापडी पिशवीत भरा. निळे-काळे कपडे घरीच ठेवा, चावणारी त्सेत्से माशी त्यांच्याकडे ओढली जाते.

मलेरियाच्या गोळ्या घरी आल्यावरही चालू ठेवायच्या असतात: अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस, डॉक्सीसायक्लिन चार आठवडे. कोणती गोळी चालेल ते डॉक्टर ठरवतील. परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून अंगावर काढू नका. आफ्रिकेतून आलोय हे डॉक्टरांना आधी सांगा आणि मलेरियाची रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्या.