कायले मारलं त्याले?

रविवार, रात्री. पाऊस सकाळपासून थांबलेला नाही.

पावसामुळे मुलं येणार नाहीत असं वाटलं होतं. तरी अठरा आली. व्हरांड्यात दोन सतरंज्या टाकल्या, ओल्या छत्र्या कोपऱ्यात उभ्या केल्या आणि गोष्टीचा तास सुरू झाला. गेले दोन महिने पोरं ड्रॅगनची गोष्ट मागत होती. मोबाइलवर, कार्टूनमध्ये, दप्तरावर, सगळीकडे तो दिसतो, आणि ताईंच्या गोष्टीत मात्र कधी येत नाही. म्हणून परवा बसून एक रचली. डोंगरातली गुहा, सोन्याच्या राशीवर वेटोळं घालून झोपलेला ड्रॅगन, भाला घेऊन चढत जाणारा तरुण. लढाई चांगली रंगली. पुढे बसलेली दोन मुलं श्वास रोखून ऐकत होती. ड्रॅगन पडला तेव्हा मागच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर दुसरीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, कायले मारलं त्याले? तो तं झोपला होता."

मी म्हटलं, अगं, तो गावाला त्रास द्यायचा.

"पण तुम्ही तं तसं सांगतलंच नाही."

खरंच सांगितलं नव्हतं. गोष्ट मनातल्या मनात पुन्हा चाळली. त्रासाचं एक वाक्यही त्यात नव्हतं. ड्रॅगन आहे म्हणजे मारायचा, हे मी गृहीतच धरलं होतं.

आता रात्री कपाटातली पुस्तकं काढून बसले आहे. 'ड्रॅगन' हा शब्द ग्रीक 'द्राकोन'वरून आला. त्याचा अर्थ मोठा साप, इतकाच. पाहणे या अर्थाच्या एका ग्रीक क्रियापदाशी त्याचं नातं जोडतात, म्हणजे टक लावून पाहणारा. पंख, चार पाय आणि तोंडातली आग हे त्याचं आजचं रूप युरोपच्या मध्ययुगात ठरत गेलं. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यातला ड्रॅगन तीनशे वर्षं आपल्या खजिन्यावर निवांत पडून असतो. कुणीतरी गुहेत शिरून एक पेला चोरतं, तेव्हा तो चवताळून बाहेर पडतो आणि गावं जाळतो. उत्तरेकडच्या नॉर्स कथांमधला फाफ्निर तर मुळात ड्रॅगन नव्हताच. सोन्याच्या हावेपायी त्यानं बापाला मारलं आणि त्या सोन्यावर बसून बसून तो सर्प झाला. म्हणजे त्या कथांनाही कारण ठाऊक होतं. मीच तेवढं गाळून लढाई ठेवली.

गोष्टीनंतर सगळ्यांना कागद दिले होते, ड्रॅगन काढा म्हणून. सतरा कागदांवर आग आहे. त्या मुलीचा कागद माझ्यासमोर पडला आहे. तिच्या ड्रॅगनला पंख नाहीत, पाय नाहीत. लांबच लांब काळं अंग कागदाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात वळणं घेत जातं. डोक्यावर फडा आहे. तोंडातून पाणी पडतंय, निळ्या खडूनं जोर देऊन ओढलेलं. त्या पाण्यात एक घर, एक गॅस सिलिंडर आणि एक चप्पल तरंगते आहे. तोंडावर डोळ्यांची जागा कोरी आहे.

हे कुठलं पाणी ते मला विचारावं लागलं नाही. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. काही तासांत नागपुरात धो धो पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी आमच्या वस्तीत शिरली. ही मुलगी तेव्हा बालवाडीत होती. तिच्या बापानं तिला खांद्यावर घेऊन वरच्या मजल्यावर नेलं होतं. माझ्या कपाटातले खालचे तीन कप्पे त्या दिवशी गेले. उन्हात वाळवलेली पुस्तकं अजून फुगलेली आहेत, पानं एकमेकांना चिकटली आहेत.

नागपंचमी

सकाळी पाटावर हळद-चंदनानं नाग, नागीण आणि त्यांची नऊ पिल्लं काढली. दूध, लाह्या, दूर्वा. आज तवा चढत नाही, विळी निघत नाही, जमीन खणायची नाही. आमची आजी उमरेड तालुक्यातल्या खेड्यातली. या दिवशी ती अंगणातलं गवतसुद्धा उपटू द्यायची नाही. पाटावरच्या नागाचे डोळे ती सगळ्यात शेवटी काढायची, तांदळाचा एकेक दाणा ठेवून. मीही तसंच करते.

पूजा झाल्यावर कहाणी वाचली. लहानपणापासून ऐकत आले आहे, आज जरा थांबत थांबत वाचली. शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ वारुळात घुसतो आणि नागिणीची पिल्लं मरतात. नागीण येऊन त्याच्या घरातल्या सगळ्यांना डसते. मग परगावी दिलेल्या लेकीचाही सूड घ्यायला ती निघते. तिथे पोचते तर लेकीनं पाटावर नाग-नागीण आणि नऊ नागकुळं काढलेली, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवून हात जोडलेले. नागीण दूध पिते, शांत होते, लेकीला विचारते, तू कोण, तुझे आईबाप कुठे? आणि तिच्याच हाती अमृत देऊन सगळं घर उठवायला पाठवते.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथे पहिल्याच ओळीत आहे. नागीण का डसली, तर आधी फाळ लागला. चूक माणसाकडून झाली, हे कहाणी सरळ सांगते. आणि शेवट कुणाच्या मरणानं होत नाही, एका विचारपुशीनं होतो.

आपल्याकडे मारलेले सर्प नाहीत असं मात्र मी पोरांना सांगणार नाही. ऋग्वेदातला वृत्र आहेच. त्याला तिथे 'अहि' म्हटलंय, साप. पहिल्या मंडलातलं बत्तिसावं सूक्त त्याच्या वधाचंच आहे. त्यानं पाणी अडवून धरलं होतं, इंद्रानं वज्रानं त्याला फोडलं आणि नद्या सुटून समुद्राकडे धावल्या. कारण आहे, आणि मोठं आहे. पण कालियाचं बघा. यमुनेचं पाणी विषारी केलं म्हणून कृष्ण त्याच्या फण्यांवर नाचला, आणि त्याच्या बायकांनी पदर पसरल्यावर त्याला जिवंत सोडून समुद्राकडे पाठवलं. जनमेजयानं तर सापांची अख्खी जात यज्ञात जाळायला घेतली होती. तो यज्ञ थांबवला आस्तिकानं, ज्याची आई नागकुळातली होती. महाभारत आपण ऐकतो तेही वैशंपायनांनी त्याच सर्पसत्रात सांगितलेलं. एवढा मोठा ग्रंथ, आणि तो सांगितला जातोय तिथे बाजूला साप जळतायत, हे आठवलं की मला अजून अंगावर काटा येतो. आजी रात्री गोठ्यात जाताना कंदील पुढे धरून "आस्तिक, आस्तिक" पुटपुटायची. वाटेतल्या सापाला ती त्याच्या वकिलाची आठवण करून देत होती, हे मला फार उशिरा कळलं.

चिनी ड्रॅगन तर नागाचा सख्खा भाऊच वाटतो. हरणाची शिंगं, मानेपासून सापाचं अंग, माशाचे खवले, गरुडाच्या नख्या. पंख नसतानाही तो ढगांतून फिरतो आणि पाऊस आणतो. नद्या, तळी, समुद्र त्याच्या ताब्यात. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत गेले तेव्हा त्यांत जागोजाग 'नाग' होता. भाषांतरकारांनी त्याच्यासाठी 'लुंग' हाच शब्द घेतला, म्हणजे ड्रॅगन. मराठीत ड्रॅगनला काय म्हणावं यावर मी आठवडाभर डोकं खाजवत होते, अग्निसर्प, उडता अजगर असं काहीबाही लिहून खोडत होते. तो शब्द माझ्या गावाच्या नावात बसलेला होता.

त्या ग्रंथांतला मला सगळ्यात आवडणारा नाग मुचलिंद. बोधीनंतर बुद्ध ध्यानात बसलेले, अवकाळी पाऊस सात दिवस कोसळतो. मुचलिंद येतो, त्यांच्या अंगाभोवती सात वेढे घालतो आणि डोक्यावर फडा धरतो. पाऊस उघडला की वेढे सोडून समोर हात जोडून उभा राहतो. हा मुचलिंद फार लांबचा नाही. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं स्तूप उकरला, तिथल्या दगडावर तो कोरलेला मिळाला.

आणि नाग म्हणजे माणसंही. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा झाली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूरच का निवडलं ते सांगितलं. बौद्ध धर्माचा प्रसार करणारे नाग लोक इथले, त्यांच्या वस्तीतून वाहणारी ती नाग नदी. पुराणांत ज्यांना साप करून टाकलं ती हाडामासाची माणसं होती, असं ते वाचन. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून महाभारतातल्या खांडववनाची गोष्ट मला पूर्वीसारखी वाचता येत नाही. जळत्या रानातून बाहेर पळणाऱ्या प्रत्येकाला मारलं जातंय, आणि एक आई आपल्या पोराला गिळून आकाशात झेप घेते, ते पोर वाचतं. तक्षकाची ती बायको. तिला साप म्हणा की बाई म्हणा, तिनं केलं ते आईनंच करावं असं आहे.

संध्याकाळी उरलेल्या लाह्या घेऊन नाग नदीच्या पुलावर गेले. तिथे वारूळ नाही, मूर्ती नाही, लोखंडी जाळी आहे, कचरा टाकू नये म्हणून. खाली काळं पाणी, कडेला फेस, अडकलेली थर्माकोलची ताटं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला पोरगा विचारत होता, बाबा, हे काय आहे? बाप म्हणाला, नाला आहे. मी तोंड उघडलं नाही, पण घरी येईपर्यंत तो शब्द टोचत राहिला. हे पाणी शहर ओलांडून कन्हानला मिळतं, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगा गोसीखुर्द धरणाशी जाऊन थांबते. धरण पवनीजवळ आहे. ज्या नागानं बुद्धावर फडा धरला त्याच्या दगडाच्या गावापर्यंत आम्ही आमचं सांडपाणी पोचवतो.

लाह्या पाण्यात टाकाव्याशा वाटल्या नाहीत. काठावरच्या उंबराखाली ठेवून आले.

मारबतीचा दिवस

काल पोळा झाला. आज घरातून निघता निघता दहा वाजले. इतवारीत इतकी गर्दी की दोन मुलांचे हात मी घट्ट धरून होते, बाकीची तिसरी-चौथीतली पोरं एकमेकांच्या शर्टाला धरून.

काळ्या मारबतीची मिरवणूक १८८१ पासून, पिवळीची १८८५ पासून. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद, मोठाले डोळे, उघडं तोंड. बरोबर बडगे, ज्यांना ज्याचा राग त्याचा पुतळा. जगात कुठल्या गावात भररस्त्यावरून एवढी मोठी राक्षसीण निघते आणि लोक तिच्या पाया पडतात, मला माहीत नाही. बायका पोरांना तिच्या पायाशी लावतात. आणि मग सगळा रस्ता ओरडतो, इडापीडा, रोगराई, खोकला-खासी घेऊन जाय गे मारबत! तिच्या अंगावर भाला घेऊन कुणी धावत नाही. तिच्यावर काम सोपवलं जातं, आणि जाताना तिनं ते न्यायचं असतं. शेवटी ती जळते तेव्हा माझ्या पोटात दरवर्षी कालवतं. लहानपणी मी रडायचे. आई म्हणायची, ती आपलं घेऊन चालली आहे, तिला रडून नाही, हाक देऊन पाठवायचं.

माझ्या हातातली दुसरीतली मुलगी पहिल्यांदा गप्प होती. पिवळी समोर आली तेव्हा तिनं माझा हात सोडला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि ओरडली, "नदीतली घाण घेऊन जाय गे मारबत!" पुढच्या माणसानं वळून पाहिलं आणि तोही तेच ओरडला.

संध्याकाळी तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल ओढत दारोदार फिरून खाऊ-पैशांचा बोजारा गोळा करून व्हरांड्यात आली, बैलांना रांगेत उभं केलं. मी नवी गोष्ट सांगितली नाही. त्याऐवजी चीनच्या चित्रकाराची सांगितली. झांग सेंगयू, सहाव्या शतकातला. देवळाच्या भिंतीवर त्यानं चार ड्रॅगन काढले आणि डोळे काढलेच नाहीत. का, विचारलं तर म्हणाला, काढले तर उडून जातील. लोकांनी ऐकलं नाही, फारच आग्रह केला. दोघांना डोळे काढताच वीज कडाडली, भिंत फुटली आणि ते दोघे ढगांत गेले. बिनडोळ्यांचे दोघे भिंतीवर राहिले.

मग मी भिंतीवर लावलेला तिचा कागद काढला, खडूंचा डबा तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, तुझ्या नागाचे डोळे राहिलेत बघ.

ती बराच वेळ कागदाकडे पाहत बसली. पिवळा खडू उचलला, पुन्हा ठेवला.

"नको ताई. डोळे लावले तं तो उडून जाईन. मंग नदीत कोण राहीन?"

कागद परत भिंतीवर लावला आहे.