पॅक्सॉसला शिडाच्या बोटीने: आठवडा शुक्रवारपासून उलटा आखा

पॅक्सॉस नकाशावर पटकन सापडत नाही. ग्रीसच्या पश्चिमेला, कॉर्फू बेटाच्या दक्षिण टोकाखाली, जेमतेम 10 किलोमीटर लांबीचं हे बेट. विमानतळ नाही, कॉर्फू किंवा इगुमेनित्साहून फेरीने जा, नाहीतर बोट भाड्याने घ्या. जूनमध्ये आम्ही सहा जण शिडाच्या बोटीने गेलो: मी, बायको, 13 वर्षांचा मुलगा, आई, आणि म्युनिकहून आलेले ताई-भाऊजी.

आधी बोटीबद्दल. नुसती बोट घेऊन स्वतः चालवायची तर ग्रीसमध्ये एकाकडे मान्यताप्राप्त परवाना लागतो आणि सोबत दुसरा अनुभवी माणूसही दाखवावा लागतो. आमच्याकडे दोन्ही नव्हतं, म्हणून स्किपर, म्हणजे बोट चालवणारा कप्तान, सोबत घेतला. इथे बरेच जण एक गोष्ट विसरतात: स्किपर रात्री बोटीवरच झोपतो. त्याची केबिन आणि त्याचं जेवण तुमच्या हिशेबात हवं. सहा जणांना तीन केबिन पुरतात असं वाटून तशी बोट ठरवू नका. आम्ही चार केबिनची घेतली, आई आणि नातू एका केबिनमध्ये. खर्च म्हणाल तर बोटीचं आठवड्याचं भाडं सुमारे 3,200 युरो आणि स्किपरचे दिवसाला 200. शिवाय डिझेल, पाणी, शेवटची साफसफाई आणि क्रेडिट कार्डावर अडकून राहणारी अनामत रक्कम. तेवढी मर्यादा कार्डावर आहे ना, हे घरूनच बघून निघा.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतोच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निदान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा हवा. राहण्याचा पुरावा म्हणून आम्ही बोटीचा करार आणि बोटीवरच्या सगळ्यांची नावं असलेली यादी जोडली, पहिल्या आणि शेवटच्या रात्रीसाठी कॉर्फूतलं हॉटेलही घेतलं. कॉर्फूवरून समोर अल्बेनियाचे डोंगर दिसतात आणि तिकडे एक चक्कर मारून येण्याचा मोह होतो. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर ते करू नका. शेंगेन देशांच्या बाहेर पाऊल पडलं की परत आत येता येणार नाही.

आता खरा मुद्दा, वारा. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टला मेल्तेमी हा उत्तरेचा वारा दिवसचे दिवस झोडपतो. आयोनियन समुद्राचा, म्हणजे पॅक्सॉसच्या बाजूचा, मायस्त्रो वारा त्या मानाने सुस्वभावी. सकाळी समुद्र तेलासारखा शांत, दुपारी वायव्येकडून वारा सुटतो, सूर्यास्ताला पडतो. कोकण किनाऱ्यावर दुपारचा खारा वारा अनुभवलेल्यांना हे वेळापत्रक लगेच उमजेल. पण वायव्येचा वारा म्हणजे पॅक्सॉसला जाताना तो पाठीशी आणि परतताना थेट तोंडावर. बोट शनिवार ते शनिवार मिळते आणि शुक्रवारी संध्याकाळी तळावर हजर व्हावं लागतं. कॉर्फूवरचा आमचा तळ गुविया मरीना ते पॅक्सॉसचं गायोस बंदर हे अंतर 30 समुद्री मैलांहून थोडं जास्त आहे. ताशी 5 मैलांनी सहा-सात तास, तेही लाटा समोरून घेत. म्हणून आधी शुक्रवार ठरवा आणि तिथून मागे या.

आमच्या मूळ आराखड्यात गुरुवारची रात्र गायोसला होती. स्किपरने ती पहिल्याच संध्याकाळी खोडली आणि कॉर्फूच्या दक्षिण भागातलं पेत्रिती हे मासेमारी बंदर लिहिलं. तिथून गुविया साधारण 15 मैल. शुक्रवारी सकाळी सातला निघालो आणि वारा सुटायच्या आत पोचलो. आईला बोट लागते, त्यामुळे त्या एका बदलाची किंमत आम्हाला पुरेपूर कळली.

जाताना पहिला मुक्काम मुख्य भूमीवरच्या सिवोताला केला आणि दुसऱ्या दिवशी लाक्का. पॅक्सॉसच्या उत्तर टोकाची ही जवळजवळ गोल खाडी. पाणी इतकं उथळ आणि नितळ की तळाच्या वाळूवर बोटीची सावली दिसते. नांगर वाळूतच टाका. गडद हिरवे पट्टे दिसतात ते पोसिडोनिया गवत. नांगराने ते उपटलं जातं आणि पुन्हा वाढायला वर्षानुवर्षं लागतात. खाडी उत्तरेला उघडी आहे, त्या दिशेचा अंदाज असेल तर तिथे रात्र काढू नका.

मग लोंगोस, त्याहून लहान. साबणाच्या जुन्या कारखान्याचं धुराडं दुरूनच दिसतं. धक्क्याला जेमतेम चार-दोन बोटींची जागा, ती मिळेल असं धरून चालू नका. आम्ही बाहेर नांगरून डिंगीने (बोटीसोबतच्या छोट्या होडीने) गेलो आणि लाक्काकडे जाणाऱ्या वाटेने ऑलिव्हच्या बागांत शिरलो. व्हेनिसच्या राजवटीत लागवड झालेली ही झाडं. पीळ घातल्यासारखी खोडं, काहींच्या पोटात माणूस उभा राहील एवढ्या ढोली. बुंध्याशी जाळ्या गुंडाळून ठेवलेल्या असतात. हंगामात त्या पसरतात आणि पिकून गळालेली फळं त्यांत गोळा होतात. आई एका झाडाला टेकून बराच वेळ बसली होती.

गायोसचं बंदर म्हणजे गाव आणि सेंट निकोलस या बेटुकल्यामधली अरुंद, वळणदार पट्टी. इथे बोट मागच्या बाजूने धक्क्याला लावतात: समोर नांगर टाकायचा, साखळी सोडत मागे यायचं आणि दोन दोर बांधायचे. जागा दुपारी एकपर्यंत भरते, बाराच्या आत पोचा. संध्याकाळी शेजारी आलेल्या बोटीने आपला नांगर आमच्या साखळीवरून टाकला. सकाळी आमचा नांगर वर आला तो त्यांची जाड साखळी घेऊनच. स्किपरने पुढे ओणवं होऊन त्या साखळीखालून एक दोर ओवला, दोराचं टोक बोटीला बांधलं, आपला नांगर हातभर खाली सोडून मोकळा केला, मग दोर सोडला. दहा मिनिटांचं काम, पण कुणीही ओरडलं नाही, घाई केली नाही. हे एकदा शांतपणे बघून ठेवा. धक्क्यावर उतरायची फळी अरुंद आणि डोलणारी असते. घरात वयस्कर माणूस असेल तर दोन्ही बाजूंनी दोर बांधून कठडा करून द्यायला आधीच सांगा.

पॅक्सॉसच्या दक्षिणेला असलेल्या अँटिपॅक्सॉस या छोट्या बेटावरचे वुतूमी आणि व्रिका हे दोन किनारे चुकवू नका, फक्त सकाळी आठला तिथे असा. अकराच्या सुमाराला पार्गा आणि कॉर्फूहून सहलीच्या बोटी येतात, मग पोहायलाही जागा शोधावी लागते. पॅक्सॉसच्या पश्चिमेचे कडे आणि निळ्या गुहाही सकाळीच, वारा नसताना.

शाकाहारी मंडळींसाठी एक शब्द: निस्तीसिमो, म्हणजे उपवासाचं. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासात मांस, दूध, अंडी चालत नाहीत; पण कोळंबी, माकुळ चालतात, तेवढं वेगळं विचारून घ्या. ऑलिव्ह तेलात शिजवलेली फरसबी, मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे यिगांदेस आणि वांगी-बटाट्याचं ब्रियाम जवळपास सगळीकडे मिळतं. बोटीवर दोन शेगड्या होत्या. पोहे, मेतकूट, गूळ आणि लोणचं घरून नेलं होतं, बाकी सामान कॉर्फूतच भरलं. बेटांवर गोडं पाणी दुर्मीळ आहे. टाकीतलं पाणी फक्त धुण्या-अंघोळीला ठेवा, तेही काटकसरीने, आणि पिण्याच्या बाटल्या निघतानाच चढवा.

सामान मऊ पिशवीत आणा, चाकांची कडक बॅग बोटीवर ठेवायला जागाच नसते. टॉयलेटमध्ये कागद टाकायचा नाही, हे मुलांना पहिल्या दिवशीच सांगा. बोट ताब्यात घेताना प्रत्येक ओरखड्याचे फोटो काढा आणि डिंगीचं इंजिन स्वतः चालवून बघा. परत देताना पाणबुड्या खाली उतरून तळ तपासतो, त्याने हिरवा कंदील दिल्यावरच अनामत सुटते. शनिवारी सकाळी नऊला बोट रिकामी करावी लागते, त्यामुळे परतीचं विमान दुपारचं घेतलंत तरी हरकत नाही.