तंबूची वही: फेरी 9 ते 14

आमच्या तंबूतल्या मुक्कामांची मागची नोंद फेरी 8 वर थांबली होती. तेव्हापासून सामानात फारसा फरक नाही. एक मॅट बदलली, मोठा कंदील घरी बसवला, ताणदोऱ्या नव्या घातल्या. आमच्या वहीत डाव्या पानावर सामान आणि उजव्या पानावर 'काय केलं' असं असतं. डावं पान आता दोन ओळींत आटोपतं आणि उजवं समासापर्यंत भरतं. म्हणून या खेपेला उजव्या पानाचं लिहिते.

आधी मेलेल्या रिती सांगून मोकळी होते. सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट: दोन फेऱ्या. निघताना गाडीच्या टपावर बसून फोटो: एक फेरी, टपाला पोचा आला. शेकोटीभोवती प्रत्येकाने 'आजचा सगळ्यात छान क्षण' सांगायचा, ही माझी फार लाडकी कल्पना होती. थोरल्याने पहिल्याच रात्री "हे संपेल तो" असं उत्तर दिलं आणि ती तिथेच आटोपली. जी रीत पाळायला वेगळी पिशवी लागते किंवा चेहरा उत्साही ठेवावा लागतो, ती आमच्याकडे टिकत नाही. टिकल्या त्या सगळ्या नाहीतरी करायच्याच कामांना चिकटलेल्या निघाल्या.

खुंट्यांचंच बघा. तंबूला 16 लागतात. पहिली खुंटी धाकटी ठोकते, ती चार वर्षांची असल्यापासून. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं, साधारण 45 अंशांत, म्हणजे दोरीचा ताण तिला उपटायला जात नाही. हे ती आता नवऱ्यालाच सुनावते. उतरवताना खुंट्या मोठ्याने मोजायच्या आणि सोळावीला सगळ्यांनी एकदम ओरडायचं. फेरी 11 ला मोजणी 15 वर थांबली. अर्धा तास चौघं गवतात ओणवे. शेवटी सासऱ्यांच्या खिशातून निघाली, बुटाच्या तळव्यातला चिखल खरवडायला घेतली होती म्हणे. तेव्हापासून "आजोबा, खिसे!" हा मोजणीचाच भाग झाला आहे. ते सोबत नसले तरी आम्ही म्हणतो.

तापमानाची पैज फेरी 9 पासून, आणि तिचं मूळ माझ्या फजितीत आहे. स्लीपिंग बॅग घेताना मी लेबलवरचा छोटा आकडा बघितला होता. आयएसओ 23537 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मोजलेल्या बॅगवर तापमानाचे दोन आकडे असतात. 'कम्फर्ट' हा साधारण स्त्रीला सैल अंगाने झोप लागेल तो, आणि 'लिमिट' हा साधारण पुरुष अंगाचं मुटकुळं करून कसाबसा रात्र काढेल तो. मी लिमिट धरून घेतली आणि पहाटे तीनला सगळे मोजे चढवून बसले. त्यातही निम्मा दोष बॅगेचा नव्हता. अंगाखाली बॅगेचं भरण चेपलं की त्यातली हवा जाते, मग ऊब उरत नाही आणि जमीन अंगातली उष्णता खेचत राहते. तिथे मॅटच कामाला येते. माझी जुनी मॅट आर-व्हॅल्यू (उष्णता अडवण्याची ताकद; आकडा मोठा तितकी ऊब जास्त) 1.5 ची होती, आता 4 ची आहे. डाव्या पानावरचा हा एकच बदल मी कुणालाही डोळे झाकून सुचवेन.

तर पैज अशी. किमान तापमान धरून ठेवणारा छोटा थर्मामीटर झाडाला छातीच्या उंचीवर टांगायचा. झोपण्याआधी प्रत्येकाने वहीत आपला आकडा लिहायचा. ज्याचा अंदाज सगळ्यात लांब, त्याने पहाटे पहिलं बाहेर पडून पाणी उकळत ठेवायचं, तंबूपासून दूर. (स्टोव्ह किंवा निखारे तंबूत कधीही आणत नाही, कितीही गारठा असो. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.) पहिल्या दोन फेऱ्या सगळे हवेत गोळ्या मारत होते. मग थोरल्याने निरीक्षण सुरू केलं: आकाश निरभ्र असेल तर जमिनीची उष्णता थेट वर निघून जाते, त्यामुळे दोन अंश कमी लिहायचे, ढग असतील तर वाढवायचे, आणि तंबू खोलगट जागी असेल तर आणखी कमी, कारण थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी खाली साचते. तेव्हापासून त्याने एकदाही पाणी ठेवलेलं नाही. नवरा सलग चार वेळा.

दवाचं खातं ही मात्र पूर्णपणे धाकटीची करणी. फेरी 10 ला सकाळी तिच्या कपाळावर थेंब पडला आणि ती "तंबू गळतोय" म्हणून उठली. रात्री पाऊस नव्हता. बाहेरचं कापड आतून ओलं होतं. आमच्या श्वासातली वाफ गार कापडाला लागून पाणी झालेली. मी फडक्याने पुसायला घेतलं तर तिने फडकं हिसकावलं, मोजपात्र आणलं आणि दोन्ही हातांनी, जीभ बाहेर काढून, पिळलं. गढूळसर, एक गवताची काडी तरंगत असलेलं 140 मिली पाणी. तिने ते उजेडात धरून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "यातलं माझं किती?"

त्या प्रश्नापासून दर सकाळी पुसणं, पिळणं, मोजणं. फेरी 11 ला 95. फेरी 12 ला झाडाखाली तंबू लावला, वरच्या-खालच्या खिडक्या उघड्या ठेवल्या: जेमतेम 30. झाडाच्या छत्रामुळे कापड तितकं गार पडत नाही, आणि वारा खेळता राहिला की वाफ बाहेर जाते. हे मी किती वर्षं सांगत होते, कोणी ऐकलं नव्हतं. मोजपात्राचं ऐकतात.

फेरी 12 लाच दुपारी वीज कडाडली. वीज दिसली की मोजायला लागायचं. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. धाकटी मोजत होती, सव्वीसवर गडगडाट झाला. तीसच्या आत आला की आमच्याकडे चर्चा नसते, सगळे गाडीत. तंबू विजेपासून काहीही वाचवत नाही, पत्र्याच्या टपाची बंद गाडी वाचवते. आता गाडीची मागची सीट म्हणजे सासऱ्यांची झोपायची खोली, गुडघ्यांमुळे ते जमिनीवर झोपत नाहीत. पाच जण, ओले बूट, आणि मध्ये आजोबा पांघरुणात. "माझ्या खोलीत आलात तर माझ्या नियमाने," म्हणाले आणि पत्ते काढले. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं असतं. आम्ही दोन तास बसलो, त्यातला निम्मा वेळ बाहेर लख्ख ऊन होतं.

फेरी 13 उल्कांसाठी, 13 डिसेंबरची रात्र. लहान मुलं असतील तर मिथुन राशीतून येताना दिसणारा हा उल्कावर्षाव बरा, कारण तो पहाटेपर्यंत ताटकळवत नाही, रात्री दहाच्या सुमाराला रंगायला लागतो. आणि हा धूमकेतूचा नाही, फेथन नावाच्या लघुग्रहाचा कचरा आहे. तो सापडला 1983 मध्ये. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, त्यामुळे जो पांढरा टॉर्च लावेल त्याला सगळे मिळून घुबडासारखं घुमतात. मोजल्या 41, त्यातल्या सात धाकटीने एकटीने बघितल्या असं तिचं म्हणणं. ग्राह्य धरल्या.

फेरी 14. थोरल्याने यंदा तेरावं लागल्याबरोबर जाहीर केलं, मला वेगळा तंबू हवा. मी जरा खट्टू झाले, हे लिहून ठेवते. नवऱ्याचा जुना एकट्याचा तंबू निघाला. लावला आमच्यापासून पंधरा पावलांवर, हाक ऐकू येईल पण बोलणं नाही इतक्या अंतरावर. त्याच्या सात खुंट्यांतली पहिली धाकटीला ठोकू द्यायची की नाही यावर वाद झाला. ठोकू दिली. पैजेचा आकडा त्याने अंधारातून ओरडून सांगितला, मी वहीत लिहिला.

पहाटे चेनच्या आवाजाने जाग आली. बाहेर जेमतेम उजाडलेलं. पठ्ठ्या अनवाणी, गवतातून एकेक पाऊल जपून टाकत येत होता, दोन्ही हातांत मोजपात्र. तंबू चढाओढीने बंद करून झोपला होता, त्यामुळे 60 मिली. धाकटी ताडकन उठली, आमचं पिळलं: तिघांचं 75. म्हणजे माणशी 25, असं ती म्हणाली. त्यावर तो म्हणाला की असा भागाकार चालत नाही, थोडं पाणी ओल्या जमिनीतूनही येतं. मग दोघं माझ्या पायावर बसून भांडले, तंबूत चौघं.

पुढच्या फेरीसाठी: दुसरं मोजपात्र घेणे. त्याच्या तंबूची एक खुंटी वाकली आहे. आजोबांचे खिसे.