बंडाच्या सिनेमात बेरड कोण, सिद्दी कोण

कित्तूरसाठी ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध बंड करणारा संगोळ्ळी रायण्णा शेतसनदी होता. पगाराऐवजी सनदेची जमीन, आणि तिच्यापायी गावची राखण करायची, बोलावणं आलं की हत्यार घेऊन हजर व्हायचं. १८२४ नंतर कित्तूर संस्थान कंपनीच्या हाती गेलं आणि या जमिनींवर गदा आली. पटकथेत हा धागा सुटला, की धनगर, बेरड आणि आफ्रिकी वंशाचे सिद्दी एका माणसामागे का गेले याला कारणच उरत नाही. मग ते नुसते 'निष्ठावान साथीदार' होतात, नायकाच्या दोन पावलं मागे चालणारे.

आधी बेरड. मराठीत हा जातीचा शब्द निबर, निर्लज्ज माणसाला शिवी म्हणूनही वापरतात, त्यामुळे संवादात तो नकळत शिरतो. कचेरीतल्या कारकुनाच्या तोंडी आला तर तो त्या कारकुनाबद्दल काहीतरी सांगतो. निवेदनात आला तर सिनेमाच शिवी देतो. खरं तर कित्येक गावांत राखणीचं काम बेरडांकडे असे. कन्नड मुलखात ते काम करणाऱ्याला तळवार म्हणतात, आणि ते आजही आडनाव आहे. 'जन्मजात गुन्हेगार' हा शिक्का गुन्हेगार जमाती कायद्याचा, म्हणजे १८७१ चा. रायण्णाला नंदगडला फाशी दिली १८३१ साली. त्या काळच्या साहेबाच्या तोंडी ही भाषा घातली तर ती चाळीस वर्षं आधीची होते.

सिद्दी साथीदार गजवीर लोकांच्या आठवणीत पक्का आहे. त्याच्या भूमिकेसाठी नटाला काळं फासण्याची खोड मात्र जात नाही. ते अपमानकारक आहेच, शिवाय कामही कच्चं होतं: घामाने रंग मानेवर फुटतो, कॉलरला लागतो, आणि दुसऱ्या दिवशी छटा जुळत नाही. खानापूर, हल्याळ, यल्लापूर या पट्ट्यात सिद्दी वस्त्या आहेत. त्यांत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत. तिथून माणूस घ्यायचा तर त्याला संवाद द्या, नुसता नाच नको. त्यांचा दमाम तर ऐन छाप्यात वाजवूच नका. दबा धरून बसलेली माणसं ढोल बडवत नाहीत.

भाषेचं काय? सगळ्यांना पुणेरी मराठी दिली की टोळी एकाच शाळेतून आल्यासारखी वाटते. कित्तूरकडचे कन्नड बोलतील, खानापूरकडचे मराठी, सिद्दी कोकणी वळणाची बोली. कन्नड वाक्य तीन-चार शब्दांचं ठेवलं आणि उत्तर मराठीत दिलं, तर अर्थ आपोआप कळतो, तळाला अक्षरं लागत नाहीत. आपल्याकडच्या बाजारात लोक असंच बोलतात. कचेरीचे कागद मात्र मोडी मराठीत दाखवा. त्या वेळी दक्षिण मराठा मुलखात दप्तराची भाषा तीच होती. फलकावर 'बेळगाव जिल्हा' नको, तो १८३६ ला झाला.

बिडी गावची कचेरी बंडखोरांनी जाळली, तो प्रसंग बहुतेक ठिकाणी फसतो. टेबलावर चामडी बांधणीच्या वह्या रचून ठेवतात. दप्तर म्हणजे रुमालात आवळून बांधलेले कागद, खाली बैठक, बोरू, दौत. घट्ट गठ्ठा लवकर पेटत नाही, कडा काळ्या पडतात आणि नुसता धूर होतो. म्हणून कुणीतरी गाठी सोडून कागद पसरायला हवेत. हे काम नायकाला देऊ नका. ज्याची जमीन त्या कागदांत अडकली आहे, त्या बेरडाला किंवा धनगराला द्या. एका चेहऱ्यावर अख्खं बंड कळतं.

हत्यारांत तोड्याची बंदूक म्हणजे जळती वात. पावसात ती विझते, रात्री तिचा ठिपका दुरून दिसतो, भरायला वेळ लागतो. कंपनीच्या शिपायाकडे गारगोटीच्या चापाची बंदूक. टोपीवाली, म्हणजे स्फोटक टोपीने उडणारी, नंतर आली. खानापूरच्या पावसात धनगर घोंगडीची खोळ घेतो. भिजलेली घोंगडी जड होते, तिच्यासकट कुणी उड्या मारत नाही.

घरांवर मंगळुरी कौलं आणि मागे निलगिरीची रांग दिसली तर फ्रेम बदला, दोन्ही पुढच्या काळातली.

उरली नामावली. 'बेरड १', 'सिद्दी २' असं लिहायची वेळ आली तर चूक छापखान्यात झालेली नसते, पटकथेत झालेली असते. सहा साथीदार पुरेत, पण सहाही जणांना नाव, गाव आणि गेलेल्या जमिनीचा तुकडा हवा.