डीवाली चौकडी अखेर फुटली

भूतकाळात स्वर बदलणाऱ्या जर्मन क्रियापदांच्या दुसऱ्या वर्गाची पाठांतराची कार्डं करायला बसलो होतो, ती आता लांबली. पहिल्या वर्गातल्या त्या चार आडमुठ्यांचा उलगडा झालाय!

आपला नियम असा: 'आय'नंतर टी, एफ, एस्त्सेट (ß हे अक्षर) किंवा सीएच असेल तर भूतकाळात ऱ्हस्व इ (रायटेन–रिट्ट, ग्रायफेन–ग्रिफ), नाहीतर दीर्घ ई (ब्लायबेन–ब्लीब, श्टायगेन–श्टीग). गड्डी छान बसते. फक्त डीवाले बंड करतात. एकीकडे लायडेन–लिट्ट, श्नायडेन–श्निट्ट. दुसरीकडे मायडेन–मीड, शायडेन–शीड. पाठ्यपुस्तकामागची वर्णक्रमी यादी इथे काडीच्या उपयोगाची नाही. मी तर म्हणतो, ती छापूच नये.

किल्ली सापडली शाळेतल्या संस्कृतात. भिद् (फोडणे) चा लिट् लकार, म्हणजे परोक्ष भूतकाळ, आठवा: एकवचनी बिभेद, अनेकवचनी बिभिदुः. जर्मन बायसेन (चावणे) हा याच भिद् चा भाऊबंद! स्वर वचनानुसार बदलायचा तसा वैदिक आघातही सरकायचा. एकवचनी धातूवर, अनेकवचनी प्रत्ययावर. जर्मानिक भाषांतही (जर्मन, इंग्रजी वगैरेंच्या कुळात) आघात असाच हलत होता आणि त्यामुळे व्यंजन बदललं, हे डॅनिश अभ्यासक कार्ल वेर्नर यांनी १८७५ मध्ये दाखवलं. म्हणून मध्ययुगीन जर्मनमध्ये मूळ रूप 'लीडेन', पण भूतकाळी अनेकवचन 'लिटेन'. पुढे अनेकवचनाने एकवचनालाही गिळलं, आणि लिट्टमधला टी तिथून आला. श्नायडेनचंही तेच.

मायडेनलाही पूर्वी 'मिटेन' होतं, पण त्याच्यात डीने टीला हुसकावलं. आणि शायडेन? तो मुळात हाइसेन–हीसच्या सातव्या वर्गातला, इथे मागाहून आलेला पाहुणा. त्याचा दीर्घ ई जुनाच. हे कळल्यावर एकटाच हसत बसलो.

जुनी रूपं धुंडाळायला ग्रिम बंधूंचा कोश घ्या. पहिला खंड १८५४चा, मांडणी किचकट, पण ऑनलाइन फुकट आहे आणि छोट्या कोशांपेक्षा शंभरपट बरा.

आता आन्की या पाठांतराच्या ॲपमधल्या प्रत्येक कार्डावर 'जुनं अनेकवचन' असा रकाना टाकतोय. दुसऱ्या वर्गात त्सीएन–त्सोग आहेच, तिथेही एच–जीची हीच अदलाबदल.

थांबा, लिहितालिहिता सुचलं: हेल्फेन–हाल्फ, पण कोन्युंक्टिव्हमध्ये (कल्पित गोष्टी सांगणाऱ्या रूपात) 'ह्युल्फे'. तो 'उ'सुद्धा जुन्या अनेकवचनाचाच, 'हुल्फेन'चा! मग दुसरा वर्ग राहू दे. आधी तिसरा घेतो, श्टेर्बेन–श्टार्ब–श्ट्युर्बेपासून.