तुम्ही विचारलंत म्हणून : फुकट चालतंय ना, मग पैसे कशाला भरता?

मी डीटीपीचं काम करते. कथासंग्रह, दिवाळी अंकांची पानं, संस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका, जे येईल ते. माझ्या मशीनवर कुणी बसलं की हमखास एक गोष्ट त्यांच्या डोळ्यांत भरते. विनरार हा फाइली आवळून एकत्र बांधणारा प्रोग्रॅम उघडल्यावर ती सगळ्यांच्या ओळखीची, चाचणीची मुदत संपल्याची खिडकी येत नाही. मग प्रश्न ठरलेला : "ताई, तुम्ही खरंच पैसे भरलेत? चाळीस दिवस संपले तरी ते चालतंच की!"

हो, भरलेत. विनरारचे भरलेत, फाइली हाताळणाऱ्या टोटल कमांडरचे भरलेत, आणखीही काहींचे भरलेत. आणि न भरताही चालतं, म्हणूनच भरलेत. एवढ्यावर लोकांचं समाधान होत नाही, तेव्हा आज सविस्तर सांगते.

आधी वापरून बघा, उपयोगी पडलं तर पैसे द्या, ही 'शेअरवेअर' म्हणतात ती पद्धत सुरू झाली 1982 साली, अमेरिकेत. आयबीएमचा पीसी बाजारात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहणाऱ्या अँड्र्यू फ्लुगेलमन यांनी मोडेमवरून दोन संगणक जोडणारा पीसी-टॉक नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो खोक्यात घालून दुकानात विकण्याऐवजी त्यांनी लोकांना सांगितलं की कॉपी करा, मित्रांना द्या, वापरून बघा आणि उपयोगी पडला तर पैसे पाठवा. त्याच सुमारास सिएटलच्या बाजूला जिम नॉफ नावाचे आयबीएमचे एक कर्मचारी होते. चर्चच्या पत्रांवर चिकटवायचे पत्ते छापता यावेत म्हणून त्यांनी एक छोटा डेटाबेस लिहिला होता. सहकाऱ्यांनी तो मागून नेला, त्यांच्याकडून आणखी कुणी नेला. प्रत्येक दुरुस्तीनंतर सगळ्यांना नवी फ्लॉपी पाठवायची तर टपालखर्च झेपेना. तेव्हा त्यांनी प्रोग्रॅममध्येच एक निरोप घातला : पुढच्या सुधारणा हव्या असतील तर जमल्यास दहा डॉलर पाठवा.

दोघांचेही प्रोग्रॅम वापरणाऱ्या कुणामुळे तरी त्यांची एकमेकांशी गाठ पडली. मग त्यांनी किंमत सारखी ठेवली, पंचवीस डॉलर, आणि आपापल्या प्रोग्रॅममध्ये दुसऱ्याचा उल्लेख करायचं ठरवलं. नॉफ यांनी प्रोग्रॅमचं नावही पीसी-टॉकला जुळेल असं पीसी-फाइल केलं आणि स्वतः जिम बटन या नावाने व्यवसाय करू लागले. एका मासिकात कौतुक छापून आल्यावर त्यांच्या घरी पत्रांचा ढीग पडला, आणि 1984 मध्ये त्यांनी आयबीएमची नोकरी सोडली. कुलूप नाही, सक्ती नाही, तरी लोकांनी पैसे पाठवले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

बॉब वॉलेस त्याच्याही पुढे गेले. ते मायक्रोसॉफ्टच्या अगदी पहिल्या काही कर्मचाऱ्यांपैकी. ती नोकरी सोडून त्यांनी 1983 मध्ये पीसी-राइट हा वर्ड प्रोसेसर काढला. 'शेअरवेअर' हा शब्द रूढ झाला तो मुख्यतः त्यांच्यामुळे. पंचाहत्तर डॉलर भरून नोंदणी केली की छापील मॅन्युअल आणि फोनवर मदत मिळायची. शिवाय तुमच्या प्रतीला तुमचा क्रमांक असायचा. ती प्रत तुम्ही दुसऱ्याला दिलीत आणि त्याने नोंदणी केली, तर त्यातले पंचवीस डॉलर तुम्हाला. म्हणजे ज्या कॉपी करण्याला बाकीचे चोरी म्हणत होते, त्यालाच वॉलेस मेहनताना देत होते!

आमच्याकडे ओळखीचा आंबेवाला पेटी घरात ठेवून जातो. "खाऊन बघा, पैशांचं नंतर बघू" म्हणतो. त्या माणसाचे पैसे बुडवायला जीव धजत नाही. शेअरवेअरमध्येही आधी विश्वास टाकतो तो लिहिणारा. 1987 मध्ये अशा लेखकांनी आपली संघटना काढली, तेव्हा सुरुवातीचा एक दंडक असा होता की सभासदाने चाचणीसाठी दिलेल्या प्रतीतली कामं अर्धवट बंद ठेवायची नाहीत. ग्राहकाला अख्खी वस्तू वापरून बघता आली पाहिजे. धंद्याच्या दृष्टीने हा नियम अवघडच होता आणि पुढे तो सैल झाला, पण त्यामागच्या वृत्तीला मी मानते.

ती वृत्ती आजही जिवंत असल्याचं मी रोज बघते, टोटल कमांडरमध्ये. स्वित्झर्लंडचे क्रिस्टियन गिसलर 1993 पासून तो लिहीत आहेत. पूर्वी त्याचं नाव विंडोज कमांडर होतं. नोंदणी केली नसेल तर सुरू होताना एक छोटी खिडकी येते. तिच्यावर 1, 2, 3 अशी तीन बटणं असतात आणि त्यांतलं कोणतं दाबायचं ते वर लिहिलेलं असतं. आकडा दर वेळी बदलतो, त्यामुळे सवयीने बोट दाबून चालत नाही, वाचावंच लागतं. बस्स, सक्ती म्हणाल तर एवढीच. आतलं सगळं खुलं. आणि एकदा पैसे भरले की पुढच्या आवृत्त्या फुकट.

माझ्याकडे जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं येतात, शेकड्यांनी, आणि फाइलींची नावं स्कॅनरने मनाला येईल तशी दिलेली असतात. टोटल कमांडरमध्ये सगळ्या फाइली निवडायच्या, कंट्रोल आणि एम दाबायचं, नावाचा साचा द्यायचा, आकडे तीन अंकी ठेवायचे, आणि नवी नावं कशी दिसतील ते शेजारच्या रकान्यात आधीच बघून घ्यायचं. अख्खी दुपार खाणारं काम चहा उकळेपर्यंत होतं. कामाच्या वेळेचे मी गिऱ्हाइकाकडून पैसे घेते, मग ही वेळ ज्याने वाचवली त्याला त्याचा वाटा नको?

याहून महत्त्वाचं कारण वेगळं आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं घर कुणाच्या पैशावर चालतं, त्यावर तो कुणाचं ऐकणार ते ठरतं. दोन हजारच्या दशकात फुकटचे प्रोग्रॅम टाकताना काय काय गळ्यात पडायचं ते आठवा. ब्राउझरला न मागितलेले टूलबार चिकटायचे, होमपेज परस्पर बदलायचं. पैसा त्या टूलबारवाल्यांकडून येत होता, त्यामुळे सोय त्यांची बघितली जायची. माझे पैसे थेट लेखकाकडे गेले तर माझी अडचण ही त्याच्या धंद्याची अडचण होते. माझ्या फाइलींत डोकावायची त्याला गरज उरत नाही, जाहिराती दाखवायचीही नाही. म्हणून वर्षाचा हिशेब करताना मी हा खर्च कागद आणि शाईच्या ओळीतच धरते.

हे फक्त शेअरवेअरपुरतं नाही. ज्याचा कोडही सगळ्यांना खुला असतो असं, म्हणजे ओपन सोर्स सॉफ्टवेअर लिहिणारे तर याहून एकाकी असतात. एक्सझेड हे फाइली आवळून लहान करणारं साधन जगभरच्या लिनक्स यंत्रणांमध्ये आहे, आणि त्याची देखभाल वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस बिनपगारी करत होता. तो थकलेला असताना कुणीतरी खोट्या नावाने मदतीला आलं, दोनेक वर्षं नेटाने काम करून विश्वास मिळवला आणि शेवटी आत चोरदरवाजा बसवला. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्याने छडा लावला आणि अनर्थ टळला. पैशाने सगळंच सुटलं असतं असं मी म्हणत नाही. पण एकट्या माणसाच्या खांद्यावर एवढा भार टाकून सगळ्यांनी निर्धास्त राहायचं, हे मला पटत नाही. आपल्याकडच्या झिरोधा या शेअर दलाली कंपनीने ऑक्टोबर 2024 मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतचा निधी जाहीर केला. आपल्या देशातून हे झालं याचा मला अभिमान आहे.

"पण ताई, डॉलरमध्ये परवडतं का?" हाही नेहमीचा प्रश्न. नव्वदच्या दशकात मासिकांबरोबर येणाऱ्या सीडी शेअरवेअरने भरलेल्या असायच्या, पण परदेशात चालणारं कार्ड फार थोड्यांकडे होतं. वीस डॉलर पाठवायचे तर बँकेतून ड्राफ्ट काढायची यातायात. त्या काळात ज्यांनी भरले नाहीत त्यांना मी नावं ठेवणार नाही. आता कार्डावरचा परदेशी ऑनलाइन व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करावा लागतो, कारण रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नव्या कार्डावर तो बंदच असतो. काम झालं की परत बंद करा. पंचवीस डॉलर म्हणजे दोन हजारांवर रुपये होतात, ही रक्कम लहान नाही. विद्यार्थ्याने खुशाल फुकटचं वापरावं. पण त्या प्रोग्रॅमवर ज्याचा धंदा चालतो, त्याला ही सबब मी देऊ देत नाही.

आणि सगळेच लेखक साता समुद्रापलीकडचे परके नसतात. संगणकावर मराठी उमटवणं हेच दिव्य होतं तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणांनी 'बरह' वापरून मराठी लिहिलं. शेषाद्रिवासू चंद्रशेखरन यांनी ते 1998 मध्ये मुळात कन्नडसाठी केलं, पण नंतर त्यात देवनागरीचीही सोय झाली. सुरुवातीला ते फुकट होतं, पुढे त्याला किंमत आली, तेव्हा "आता पैसे मागायला लागले" अशी कुरकुर मी ऐकली. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. वर्षानुवर्षं आपण ज्याच्या कामावर लिहीत आलो, त्याने मोबदला मागितला इतकंच.

आता भरायचे ठरवलेच असतील तर व्यवहाराचं सांगते. आधी 'हेल्प' मेनूत जाऊन नोंदणीचा दुवा बघा, म्हणजे पैसे भलत्याच साइटवर जायचे नाहीत. कामासाठी घेत असाल तर बिल व्यवसायाच्या नावाने मागा. त्यानंतर मेलवर एक किल्ली येते, कधी आकड्यांची ओळ, कधी फाइल. टोटल कमांडरची फाइल असते, wincmd.key नावाची. ती प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये टाकाच, पण एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा आणि तो मेल पुसू नका. मशीन फॉरमॅट करायला देताना ही फाइल आधी बाजूला काढायची, हे माझ्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिल्याच आठवड्यात सांगते.