तुम्ही विचारलंत म्हणून: नऊ एकांचा वर्ग

गणित शिकवतो म्हटलं की व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो मनोरा हटकून पुढ्यात येतो. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, असं करत तळाला १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. खाली हात जोडलेले इमोजी, आणि प्रश्न ठरलेला: "सर, हा चमत्कार कसा काय?"

चमत्कार एवढाच, की इथे हातचा येत नाही. शाळेत मांडायचो तसा गुणाकार मांडा. नऊ एकांची तीच ओळ नऊ वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच १, पुढच्यात दोन, मधल्यात नऊ, मग उतरण. कुठलीच बेरीज ९ च्या वर जात नाही, म्हणून जितके एक तितकाच अंक उत्तरात उतरतो. आता दहा एक घ्या. मधे १० झाले: शून्य लिहिलं, हातचा एक. तो डावीकडच्या नवात मिळवला की पुन्हा १०, पुन्हा हातचा, आणि त्यापलीकडच्या ८ चे ९. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. मनोरा ढासळला.

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी मनोऱ्यातल्या या वर्गसंख्यांना 'डेमलो' हे नाव दिलं, तेही रेल्वे स्टेशनवरून. डेमलो म्हणजे आजची डोंबिवली. कल्पना त्यांना तिथे सुचली.

(एक्सेलमध्ये नऊ एकांच्या वर्गाची ही संख्या टाइप केलीत तर शेवटच्या २१ च्या जागी ०० दिसतील. ते १५ च अंक धरतं, ही १७ अंकी.)

मला विचाराल तर उलटसुलट सारखं वाचता येणं ही या संख्येची वरवरची गंमत. खरी गंमत अवयवांत आहे. १११११११११ म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७; आपल्या संख्येत यातला प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो. त्यातली ३३३६६७ ही मूळ संख्या माझी लाडकी. १ ला तिने भागा: ०.०००००२९९७०००००२९९७… नऊ अंकांचा गट पुन्हा पुन्हा येत राहतो. नेमका नऊ अंकांचा गट देणारी दुसरी मूळ संख्याच नाही! कारण असा गट येतो तेव्हा त्या मूळ संख्येने ९९९९९९९९९ ला पूर्ण भाग जावाच लागतो, आणि त्याचे मूळ अवयव तीनच: ३, ३७, ३३३६६७. पैकी ३ चा गट एका अंकाचा, ०.३३३…, ३७ चा तीन अंकांचा, ०.०२७०२७… राहिली ही एकटी.

तीन अंकांच्या गटात ३७ सुद्धा अशीच एकटी. ९९९ चे अवयव पाडा, लगेच दिसेल.